ज्यांच्यासोबत शाळेत कोणी येत नाही

अभ्यासपाठ
वाचन : १ शमुवेल १:२०-२८, २:१८-२१, ३:१-१०



दसरा जवळ आला की आपल्या वस्त्यांवर मुकादमांच्या फेऱ्या वाढतात. घेतलेल्या उचलीचा हिशेब निघतो, बाजारातून नवे कोयते येतात आणि दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात. कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी सोलापूरकडे, कोणी थेट कर्नाटकात. आपल्या धर्मग्रामातील बरीच कुटुंबे त्यांत असतात. काही मुले आईबापांबरोबर फडात जातात, काही आजी-आजोबांजवळ गावी राहतात. मार्च-एप्रिलमध्ये टोळ्या परत येतात तेव्हा शाळेचे वर्ष संपत आलेले असते.

हा पाठ आम्ही या मुलांविषयी लिहीत आहोत. पण तो केवळ ऊसतोडीच्या घरांपुरता नाही. बाप पुण्याला कंपनीत रात्रपाळीला आणि आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला, अशी घरे आपल्यात आहेत. बाप घरीच आहे पण संध्याकाळी शुद्धीवर नाही, अशीही आहेत. आईवडील दोघेही नोकरदार, मुलाला शिकवणी लावून दिली की आपले काम संपले असे मानणारी घरेही आहेत. या सर्व घरांतील मुलांची गोष्ट एका बाबतीत सारखी आहे. शाळेत त्यांच्यासोबत कोणी येत नाही, आणि घरी त्यांची वही कोणी उघडत नाही.

अशा मुलांसाठी आपण, म्हणजे हा धर्मग्राम, काय करू शकतो? आधी आमची स्वतःची एक चूक सांगतो.

आमची चूक

गेल्या जून महिन्यात एका शाळेतून आमच्या कानावर आले की तुमच्या वस्तीवरचे पालक सभेला येतच नाहीत. आम्हांला वाईट वाटले, थोडा रागही आला. त्याच रविवारी प्रवचनात आम्ही तो विषय काढला. मुलांना जन्म देता तर शाळेत जायला अर्धा दिवस निघत नाही का, असे आम्ही वेदीवरून विचारले. शब्द कडक होते. पुष्कळांनी माना खाली घातल्या. आम्हांला वाटले, प्रवचन परिणामकारक झाले.

मिस्सा संपल्यावर एक माउली हातपंपाजवळ थांबली होती. सगळे गेल्यावर ती म्हणाली, "फादर, मी दोनदा गेले व्हते शाळंत. पहिल्या टायमाला कागद पुढं केला, वाचून सही करा म्हनले. मला कुठं वाचता येतंय? अंगठा दिला तर पोरं हसली. माझा पोरगा खाली मान घालून बसला. दुसऱ्या टायमाला मागं बसून राहिले, कुनी काय इचारलं नाय. दिवसाची मजुरी गेली ती गेलीच."

आम्ही काही बोलणार इतक्यात ती पुढे म्हणाली, "माझ्या पोराला तुम्ही वळखता. दर ऐतवारी तुमच्या शेजारी मेणबत्ती घेऊन उभा राहायचा. तुम्ही तर एवढं शिकलेले. तुम्ही कवा त्याची वही बघितली का?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. तो मुलगा तीन वर्षे वेदीसेवक होता. घंटा केव्हा वाजवायची, धुपाटणे कसे धरायचे, हे सर्व आम्ही त्याला शिकवले. सातवीत असूनही त्याला मराठीचा एक परिच्छेद सरळ वाचता येत नव्हता, हे मात्र आम्हांला ठाऊक नव्हते. आम्ही कधी पाहिलेच नाही. हंगामाहून परतल्यावर त्याला वर्गातले काही कळेना, आणि जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तो गेला नाही. यंदा तो काकाच्या टोळीबरोबर जाणार आहे असे समजते. आम्ही त्याच्या घरी दोनदा गेलो. अजून त्याने होकार दिलेला नाही.

त्या माउलीची आम्ही क्षमा मागितली आहे. आज ती आपणा सर्वांसमोर पुन्हा मागतो. आणि तिने विचारलेला प्रश्न आपणा सर्वांपुढे ठेवतो.

हन्नेचा झगा

शमुवेलाची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. रात्री देव हाक मारतो आणि मुलगा एलीकडे धावतो, एवढे बहुतेकांच्या लक्षात असते. पण त्या मुलाच्या घराकडे आपण फारसे पाहत नाही.

शमुवेल आईवडिलांपासून दूर वाढला. हन्नेने त्याला दूध तुटल्यावर शिलोच्या मंदिरात आणून सोडले. तेथे तो काय शिकतो, कोणाजवळ झोपतो, रात्री घाबरतो का, हे पाहायला ती तेथे नव्हती. वर्षातून एकदा ती व एलकाना यज्ञासाठी येत. आणि शास्त्रलेख एक बारीकशी गोष्ट मुद्दाम नोंदवतो. दर वर्षी ती त्याच्यासाठी एक लहान झगा शिवून आणीत असे.

आता विचार करा. वाढत्या मुलाचा झगा शिवायचा तर माप हवे. मूल तर समोर नाही. म्हणजे वर्षभर ती माउली मनातल्या मनात त्याची उंची मोजत असली पाहिजे. एवढा झाला असेल, आता खांद्यापर्यंत आला असेल. शिलोच्या लोकांनी तिला वर्षातून एकदाच पाहिले. त्यांच्यापैकी कोणी म्हटले असते की या बाईला मुलाची पर्वा नाही, तर ते साफ खोटे ठरले असते.

आपल्या आयाबाया फडातून फोन करतात आणि विचारतात, "जेवलास का? ताप तर नाही ना?" तो त्यांचा झगाच आहे. शाळेच्या सभेत न दिसणारे आईबाप मुलाच्या आयुष्यात नसतातच असे नाही. बहुतेकांच्या मनात पोरगं शिकावं हीच आस असते. पण दिवसाची मजुरी, उचलीचे ओझे, अक्षराची भीती आणि शाळेत कधीकाळी झालेला अपमान या गोष्टी त्यांना दारातच अडवतात. जे कारण नाही त्याला कारण ठरवले की औषधही चुकते. आम्ही जूनमध्ये नेमके तेच केले.

अर्थात काही घरांत खरोखरच बेपर्वाई आहे, हे आम्ही नाकारीत नाही. जो बाप मुलाच्या शिष्यवृत्तीचे पैसे गुत्त्यावर उडवतो त्याला देवापुढे जाब द्यावा लागेल. पण त्याचा न्याय होईपर्यंत मुलाने अडाणी राहावे काय? बापाच्या पापाची शिक्षा लेकराने का भोगावी? दोन्ही प्रकारच्या घरांत मुलाची गरज एकच आहे.

एलीचे डोळे

ती गरज कोणती, हे एलीकडे पाहिले की कळते.

एली हा काही आदर्श माणूस नव्हे. त्याचे स्वतःचे मुलगे बिघडलेले होते आणि त्याने त्यांना वेळेवर आवरले नाही. त्या रात्री तो म्हातारा होता, त्याची दृष्टी मंद झाली होती. देवाची हाक त्याला स्वतःला ऐकू आली नाही. मुलगा पहिल्यांदा आला तेव्हा एलीला काही उमगले नाही. दुसऱ्यांदा आला तेव्हाही नाही. दोन्ही वेळा त्याने त्याला परत झोपायला पाठवले. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याच्या लक्षात आले की हाक देवाची आहे, आणि पुन्हा हाक आल्यास काय उत्तर द्यायचे ते त्याने मुलाला सांगितले.

एलीने केले ते एवढेच. पण ते शमुवेलाला जन्मभर पुरले.

यातून तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, एली जागेवर होता. मुलगा अंधारात तीनदा धावत आला आणि तिन्ही वेळा म्हातारा तेथेच सापडला. दुसरी, तो वैतागला नाही. "झोपू दे मला" असे म्हणून त्याने मुलाला हाकलले नाही. तिसरी, जी गोष्ट त्याला स्वतःला दिसत नव्हती तिच्याकडे जाण्याची वाट तो मुलाला दाखवू शकला.

हे तिसरे आपल्यातल्या न शिकलेल्या माणसांनी नीट ध्यानात घ्यावे. "मी अंगठेबहाद्दर, मी पोराला काय सांगणार?" असे म्हणणाऱ्या प्रत्येक आजीला आणि मावशीला एलीची मंद दृष्टी हे उत्तर आहे.

ख्रिस्तसभा काय शिकवते

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयी घोषणापत्र प्रसिद्ध केले. त्यात सांगितले आहे की मुलांना जीवन देणारे आईबाप हेच त्यांचे पहिले व प्रमुख शिक्षक होत, आणि त्यांचे काम इतके महत्त्वाचे आहे की ते कमी पडले तर भरून काढणे अवघड असते. पुष्कळदा आपण एवढेच वाचतो आणि पालकांवर बोट रोखतो. पण त्याच परिच्छेदात पुढे म्हटले आहे की हे कर्तव्य पार पाडण्यासाठी कुटुंबाला साऱ्या समाजाच्या मदतीची गरज असते, आणि ख्रिस्तसभेवरही ती जबाबदारी आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी १० मे २०१४ रोजी इटलीतील शाळांच्या मेळाव्यात एका आफ्रिकी म्हणीची आठवण दिली होती. एका मुलाला वाढवायला सारे गाव लागते, असा तिचा आशय आहे.

मुलाच्या बाप्तिस्म्याचा विधी आठवा. आधी आईबापांना त्यांच्या कर्तव्याची जाणीव दिली जाते. मग धर्मपिता व धर्ममाता यांना विचारले जाते की या आईबापांना मदत करायला तुम्ही तयार आहात का. ते "हो" म्हणतात. ते "हो" पेढे वाटून झाले की संपते काय? आपल्या प्रत्येक मुलाला दोन माणसे अशी आहेत ज्यांनी देवासमोर शब्द दिला आहे. धर्मपिता-धर्ममाता हे नाते प्रामुख्याने विश्वासाच्या जोपासनेसाठी आहे हे खरे. पण ज्या मुलाला वाचताच येत नाही ते शुभवर्तमान कसे वाचणार?

शाळेपासून दूर राहणाऱ्या पालकांचा प्रश्न जुनाच आहे. संत जॉन बॅप्टिस्ट दी ला साल यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढल्या. त्यांच्या शाळांच्या नियमपुस्तकात, जे १७२० साली छापले गेले, मुलांच्या गैरहजेरीवर स्वतंत्र प्रकरण आहे. गरीब आईबाप स्वतः न शिकल्यामुळे शिक्षणाबाबत उदासीन असतात, हे त्यांनी ओळखले होते. त्यांनी सुचवलेल्या उपायांपैकी एक असा होता की जे मुलांना शाळेत पाठवत नाहीत त्यांची दानधर्मातील मदत थांबवावी. संतांविषयी पूर्ण आदर राखून आम्ही म्हणू की हा उपाय आज आपण वापरू नये. धान्य थांबवले तर मूल शाळेऐवजी कामावर जाईल. पण त्याच पुस्तकातील दुसरी सूचना आजही खरी आहे : अशा आईबापांना भेटावे, त्यांच्याशी बोलावे, मूल न आल्यास कारण शोधावे.

न शिकलेला माणूस कसा शिकवणार?

सेमिनरीत असताना आम्ही संत थॉमस अक्विनास यांचे गुरूविषयीचे विवेचन अभ्यासले होते. ते विचारतात, एक माणूस दुसऱ्याला खरोखर शिकवू शकतो काय? त्यांचे उत्तर वैद्याच्या उदाहरणाने दिलेले आहे. वैद्य औषध देतो, पण बरे होण्याची शक्ती रोग्याच्या शरीरातच असते. वैद्य तिला हातभार लावतो. तसेच ज्ञान मिळवण्याची शक्ती देवाने विद्यार्थ्याच्या बुद्धीतच ठेवली आहे. गुरू बाहेरून मदत करतो.

साध्या भाषेत सांगायचे तर, बी रुजते ते स्वतःच्या बळावर, पण पाणी कोणीतरी द्यावे लागते. पाणी देणाऱ्याला वनस्पतिशास्त्र यावे लागत नाही. रोज आठवण ठेवून यावे मात्र लागते. गणित शिकवायला शिक्षक हवा. पण मूल गणिताला बसले आहे का, काल बसले होते का, कुठे अडले आहे का, एवढे विचारायला कोणतीही पदवी लागत नाही.

संत जॉन बॉस्को यांचे बालपण पाहा. १८१५ साली जन्मलेला हा मुलगा दोन वर्षांचाही नव्हता तेव्हा बाप वारला. आई मार्गारेट निरक्षर होती. सावत्र मोठा भाऊ अँटनी याला शेतावर पुस्तक घेऊन येणारा धाकटा भाऊ मुळीच खपत नसे. १८२९ साली एका प्रवचनाहून परतताना वाटेत कालोसो नावाचे वृद्ध धर्मगुरू भेटले. त्यांनी सहज विचारले, प्रवचन कळले का? मुलाने ते जवळजवळ पाठ म्हणून दाखवले. त्या दिवसापासून त्यांनी त्याला शिकवायला घेतले. एका वर्षातच, १८३० साली, कालोसो वारले. म्हणजे साथ मिळाली ती एका म्हाताऱ्या माणसाची, फक्त वर्षभर. पण पुढे हजारो अनाथ मुलांचा बाप झालेल्या माणसाची सुरुवात त्या वाटेवरच्या एका प्रश्नाने झाली.

आपल्या महाराष्ट्रातही हे घडले आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात निरनिराळ्या जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू केले. घरापासून दूर आलेल्या त्या पोरांची आई झाल्या त्या लक्ष्मीबाई. मुलांच्या पोटासाठी त्यांनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. आपल्या भागातील मिशनच्या बोर्डिंगात शिकलेले आजोबा आजही आपल्यात आहेत. कोणाच्या आधाराने आपण शिकलो, हे त्यांनी नातवंडांना एकदा बसवून सांगावे.

कायद्याने दिलेला आधार

बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी तो आहे. त्यातील काही गोष्टी आपण जाणून घ्याव्यात.

शिक्षकांनी केवळ आईबापांच्याच नव्हे, तर मूल ज्यांच्या ताब्यात आहे त्या पालनकर्त्यांच्याही नियमित सभा घेऊन हजेरी, प्रगती व शिकण्याची क्षमता यांची माहिती द्यायची आहे. म्हणजे मूल ज्या आजीजवळ राहते ती आजी सभेत हक्काने बसू शकते. सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सदस्य आईबाप किंवा पालनकर्ते असावे लागतात, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया, आणि दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. मुलाला एका सरकारी वा अनुदानित शाळेतून दुसरीत जायचे असेल तर मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा आहे, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. मागे पडलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात घेऊन त्याची खास तयारी करून घेण्याची तरतूद आहे. मारणे व मानसिक छळ यांना मनाई आहे.

ऊसतोडीच्या घरांसाठी आणखी तीन गोष्टी. गावी राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. आपल्या शाळेत ती यंदा सुरू होणार का, हे टोळी निघण्याआधी मुख्याध्यापकांना विचारावे. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी राज्य सरकारने २०२१ साली संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर केली. तिच्याविषयी समाजकल्याण कार्यालयात चौकशी करता येते. आणि जे मूल आईबापांबरोबर जाणारच आहे त्याच्यासाठी शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्यावे, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत बसता येईल.

आता आपण काय करायचे?

धर्मग्राम परिषदेत चर्चा करून आम्ही पुढील गोष्टी ठरवल्या आहेत.

१. प्रत्येक मुलामागे एक माणूस. टोळ्या निघण्याआधी प्रत्येक लहान ख्रिस्ती समूहाने आपल्या वस्तीवरील अशा मुलांची यादी करावी आणि प्रत्येकासाठी एक मोठे माणूस नेमावे. पहिला मान धर्मपिता-धर्ममातेचा. ते दूर असतील तर मावशी, शेजारी, निवृत्त मास्तर, कोणीही. आईबापांना विचारूनच हे करायचे आहे. त्यांनी "माझ्या मागे या बाईने शाळेत यावे" असे पत्र शाळेला द्यावे. पत्र लिहून द्यायला धर्मगुरूनिवासात या. अंगठा चालेल, आणि कोणी हसणार नाही.

२. रोजचे तीन प्रश्न. आज काय शिकलास? काय कळले नाही? उद्या काय न्यायचे आहे? त्या माणसाने एवढे रोज विचारावे. मूल जे सांगेल ते ऐकून घ्यावे. दुसऱ्याला समजावून सांगताना मुलाचे स्वतःचे शिकणे पक्के होते.

३. दहा मिनिटे मोठ्याने वाचन. मुलाने वाचावे, मोठ्याने ऐकावे. ऐकणाऱ्याला वाचता आले नाही तरी मूल कुठे अडखळते ते कानाला कळते. शनिवारी संध्याकाळी रविवारचे शुभवर्तमान वाचावे. यापुढे वेदीसेवकांची तालीम आम्ही वाचनानेच सुरू करू.

४. अभ्यासिका. सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी साडेसहा ते आठ धर्मग्रामाचे सभागृह उघडे राहील. दिवे, चटया, पाणी आहे. युवक मंडळातील महाविद्यालयीन मुलेमुली आळीपाळीने बसतील. नेहमी दोन मोठी माणसे हजर असतील, दारे उघडी असतील, आणि मुलींना घरापर्यंत सोडले जाईल. हा नियम आमच्यासह सर्वांना लागू आहे.

५. गैरहजेरीचा दुसरा दिवस. मूल सलग दोन दिवस शाळेत गेले नाही तर त्याच संध्याकाळी त्याच्या माणसाने घरी जावे. आठवड्याने जाऊन उपयोग नाही. तोवर सवय मोडलेली असते.

६. सभेत तीन गोष्टी विचाराव्यात. हजेरी किती? सरळ वाचता येते का? घरी कोणती एक गोष्ट करून घ्यायची? एवढी उत्तरे मिळाली की सभा सार्थकी लागली. सभा संध्याकाळी किंवा बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी ठेवावी, अशी विनंती आम्ही शाळांना करणार आहोत.

७. रविवारचा फोन. टोळीवरच्या आईबापांनी रविवारी फोन केला की जेवणाखाण्याबरोबर म्हणावे, "एक पान वाचून दाखव." कोपीवर बसून मुलाचा आवाज ऐकता येतो. फोन लावून द्यायचे काम त्या नेमलेल्या माणसाचे.

हे करू नये

मुलासमोर त्याच्या आईबापांना नावे ठेवू नका. चौथ्या आज्ञेप्रमाणे मुलाने आईबापांचा मान राखायचा आहे. आपण तो त्याच्या मनातून काढून घेऊ नये. एलीने हन्नेची जागा घेतली नाही. ती आली की तो तिला व एलकानाला आशीर्वाद देत असे.

चारचौघांत "बिचारा" म्हणू नका. कीव केलेले मूल मान वर करीत नाही. आणि जे जमणार नाही ते कबूल करू नका. अशा मुलांना मोडलेल्या शब्दांची सवय आधीच फार असते. आठवड्यातून एकच दिवस जमत असेल तर एकच सांगा, पण तो चुकवू नका.

मुलींकडे विशेष लक्ष असू द्या. धाकट्यांना सांभाळायला थोरलीला घरी ठेवणे, आणि पुढे कोयता पुरा करण्यासाठी तिचे लवकर लग्न उरकणे, हे आपल्या भागात घडते. मुलीचे अठरा वर्षांपूर्वी लग्न हा २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि ते आमच्या चर्चमध्ये लागणार नाही. मूल संकटात दिसल्यास १०९८ या क्रमांकावर कळवता येते.

विद्यार्थ्यांशी चार शब्द

मुलांनो, तुमच्यापैकी काहींना वाटते, आमच्या घरी कोणाला काय पडलंय? शमुवेलालाही रात्री अंधारात तसे वाटले असेल. पण तो उठला आणि विचारायला गेला. एकदा नाही, तीनदा. दोनदा उत्तर मिळाले नाही तरी तिसऱ्यांदा गेला. तुम्हीही विचारा. वर्गात कळले नाही तर शिक्षकांना विचारा, नाही जमले तर अभ्यासिकेतल्या ताईला विचारा, नाही तर आमचे दार वाजवा. वाचता येत नाही हे सांगायला लाजू नका. ते आमच्या लक्षात आले नाही, याची लाज आम्हांला वाटायला हवी.

समूहात चर्चेसाठी प्रश्न

१. आपण कोणाचे धर्मपिता वा धर्ममाता आहोत? ते मूल आज कितवीत आहे, हे आपल्याला माहीत आहे का?
२. आपल्या वस्तीवरील कोणती मुले यंदा मागे राहणार आहेत, आणि कोणती टोळीबरोबर जाणार आहेत?
३. आपल्याला शिकताना कोणी एलीसारखी साथ दिली होती का? त्या व्यक्तीने नेमके काय केले?

प्रत्येक समूहप्रमुखाने मुलांची यादी व त्यांच्यासाठी नेमलेल्या माणसांची नावे पुढील रविवारच्या मिस्सेनंतर आमच्याकडे द्यावीत. यादीतले पहिले नाव आम्ही लिहिले आहे. ते त्या माउलीच्या मुलाचे आहे आणि त्याच्यापुढे माणूस म्हणून आमचे नाव आहे. टोळी निघायला अजून थोडे दिवस आहेत. या आठवड्यात आम्ही त्याच्या घरी तिसऱ्यांदा जाणार आहोत. आपण प्रार्थना करावी.

प्रार्थना

हे प्रभो, तू लहान शमुवेलाला त्याच्या नावाने हाक मारलीस. आमच्या वस्त्यांवरील प्रत्येक लेकरालाही तू नावाने ओळखतोस. दूर फडात राबणाऱ्या आईबापांना सुखरूप ठेव व त्यांची माया लेकरांपर्यंत पोहोचू दे. ज्यांच्यासोबत शाळेत कोणी येत नाही त्यांच्याबरोबर चालायला आमचे पाय उचल. आमची दृष्टी मंद असली तरी रात्री धावत आलेल्या मुलाला आम्ही जागेवर सापडू दे. आमेन.